आत्याची साक्ष

सेपिक नदीकाठच्या सागूच्या ताडांच्या बनावरून शेजारच्या कुळाशी वाद पेटला, तेव्हा कुठे बोनिफासला अपुरआत्याची आठवण झाली. ओढ्यांची मूळ नावं आणि कुठलं झाड कुणी लावलं, हे आता तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळीकडे चालणारी टोक पिसिन सोडून गावची जुनी भाषा बोलली म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या मुलीला चारचौघांत झोडपलं होतं आणि "ही रानटी बडबड माझ्या घरात नको," असं आत्यालाही बजावलं होतं.

तरी आत्या आली. बाहेरगावाहून आलेल्या पंचांसमोर ताठ बसून, एकेका ओढ्याकडे बोट दाखवत ती तासभर जुन्या भाषेत बोलली.

"आजी, टोक पिसिनमध्ये सांगा, म्हणजे सगळ्यांना कळेल," पंच म्हणाले. आत्या नुसती बघत राहिली.

"मग तू सांग, काय म्हणाली ती," त्यांनी बोनिफासला विचारलं.

बोनिफासला दोन ओढ्यांची नावं तेवढी ओळखता आली; बाकी भाषा तो केव्हाच विसरला होता. समोरच्या कुळातली माणसं फिदीफिदी हसली. दुपारपर्यंत बन त्यांचं झालं.

परतताना त्याने आत्याची वाट अडवली. "थेरडे, बाजारात सुपारी विकताना बरी फाडफाड येते गं तुला टोक पिसिन! पंचांसमोर काय दातखिळी बसली होती?"

"माझ्या बापाने लावलेलं झाडन् झाड मी तिथे सांगितलं," आत्या स्वच्छ टोक पिसिनमध्ये म्हणाली. "अख्खं बन तुझ्या पदरात टाकलं होतं. तू फक्त ते पंचांना सांगायचं होतंस."