म्हाताऱ्या आईचा आधार

मासेरूच्या अपील न्यायालयात माखोत्सो मुलासाठी आली होती. बायकोला मारहाण आणि तिच्यावर बलात्कार केल्याबद्दल त्सेलिसोला बारा वर्षांची शिक्षा झाली होती. खटला चालला तेव्हा म्हातारी घरीच बसली. पोरगा असं करणारच नाही, म्हणाली. आज सरकारी वकिलाने सून पुलेंगची जबानी वाचली आणि माखोत्सोने पहिल्यांदाच सगळं ऐकलं. "शिक्षा तरी कमी करा," त्सेलिसोचा वकील म्हणाला, "हा म्हाताऱ्या आईचा एकुलता आधार आहे." ती उठून उभी राहिली. "साहेब, माझं नाव पुढे करू नका. मी सुनेला खोटारडी म्हटलं, तरी माझं पाणी तीच आणते." अपील फेटाळलं गेलं. पोलीस नेऊ लागले तसा त्सेलिसो ओरडला, "तू आई आहेस की वैरीण?" तिने शालीसारखं अंगावर घेतलेलं ब्लँकेट काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. "आईच आहे रे. पांघरून झोप."