तीन टाक्यांचा दाखला

कारखान्यात दाबाच्या हवेच्या टाक्या होत्या दोनच; तिसरी गेल्या वर्षीच भंगारात गेली होती. उरलेल्यांपैकी एकीचा पत्रा गंजून कागदासारखा झाला होता आणि नेमकी तिला खेटूनच फोरमनची बहीण दिवसभर पॅकिंगला बसायची. नव्या तपासनिसाचं पाणी जोखावं म्हणून फोरमनने अर्जात मुद्दाम तीन टाक्या लिहिल्या. तपासनिसाने ऑफिसातल्या खुर्चीवरून बूडही न हलवता दाखला लिहून दिला: 'तिन्ही टाक्यांची दाबचाचणी घेतली. तिन्ही ठणठणीत.'

फोरमन तो कागद घेऊन तडक मालकांकडे गेला. "साहेब, या बाबाने नसलेली टाकीसुद्धा पास केली!"

मालकांचा चेहरा खुलला.

"मग दरवर्षी यालाच बोलवा. आधीचा तर असलेली टाकीसुद्धा नापास करायचा."