पिवळा पडदा

तिने स्टँड उभा करून आडव्या दांडीवर काळा पडदा ताणला. बाळंतपणानंतरचं फोटोंचं पहिलंच काम, आणि सांभाळायला कोणी नाही म्हणून लेकही आणलेली. कोपऱ्यात पिवळ्या साडीवर ती निजली होती.

बोरन्हाणाचा उत्सवमूर्ती हलव्याचे दागिने मिरवत पाटावर बसला. कॅमेऱ्यातून पाहताच तिने तो खाली घेतला.

"अगं, काळ्यावर काळं!" मागून आजी फिसकन हसल्या. "आमचा नातू गेला कुठं? नुसता हलवाच दिसतोय!"

संक्रांतीचं काळं झबलं ती साफ विसरली होती. दुसरा पडदा नव्हता. काम गेलंच, असं वाटतंय तोच लेकीनं भोकाड पसरलं.

आजींनी पोरीला खांद्यावर घेतलं. खाली उरलेली साडी तिने झटकून दांडीवर चढवली. पिवळ्यावर नातू कसा झळकला!

आजींनी लेकीलाही शेजारी टेकवलं.

"अहो, नको, ही कशाला?"

"बसू दे गं. पडदा तिचाच आहे."