हिरवी पट्टी

“ह्यांना पाणी दिल्याशिवाय तू घोटभरही घेऊ नकोस हो,” शेवटच्या दुखण्यात सासूबाईंनी मामंजींकडे बोट दाखवून वचन घेतलं होतं. इंदुमतीनं ते व्रतासारखं पाळलं.

ज्याच्या मनगटावरची पट्टी लाल होई, त्याच्याच नावानं घरचा नळ पाणी सोडी. मामंजींची पट्टी सकाळपासून हिरवीगार होती.

“अंगात पाणी भरपूर आहे म्हणते ती,” मामंजी पुटपुटले. “यंत्राचं माझ्याशी काय वैर?”

“वैर नसेल, पण त्याला तहानही लागत नाही. ओठ का फुटलेत मग?” इंदुमतीनं त्यांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

नळाशी जाऊन तिनं स्वतःची लाल पट्टी पुढे केली. तिच्या वाट्याचा एकच पेला भरला; तो दुसऱ्याला द्यायला मनाई होती. कोरडा आवंढा गिळून, पेला पदराखाली झाकून, ती मामंजींच्या खाटेकडे निघाली.