आज तुमचा पहिला दिवस

क्यूबातल्या सांतियागोत मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की घरात लग्नाइतकी धांदल उडते, आणि भाड्याच्या झग्यातले फोटो काढायला सगळे रेनेरियोकडे येतात. एका पर्यटकानं जाताना देऊन टाकलेल्या त्याच्या लॅपटॉपला एकच खोड होती. वीज गेली, म्हणजे रोजच, की त्याचं घड्याळ थेट १ जानेवारी २००९ वर जाऊन बसायचं. अल्बम बनवायचा प्रोग्राम मात्र मोठा अगत्याचा, उघडला की म्हणायचा, "स्वागत! आज तुमचा पहिला दिवस."

लेकीचा अल्बम बघून इदालमिसबाई भडकल्या. "अहो, पानापानावर २००९ छापलंय! तेव्हा माझी पोरगी पोटातसुद्धा नव्हती. संध्याकाळी पाहुण्यांना काय हे दाखवू?"

"बाई, आतली बटणाएवढी बॅटरी मेलीय. अख्ख्या क्यूबात शोधलीत तरी मिळायची नाही."

बाई तरातरा घरी गेल्या आणि नणंदेच्या वजनकाट्यातली बॅटरी काढून घेऊन आल्या. "घ्या. काट्यालाही जरा आराम मिळेल."

रेनेरियोनं लॅपटॉप खोलला, बॅटरी बदलली आणि आजची तारीख घातली. मग वीज घालवून पाहिली, तरी तारीख जागची हलली नाही. "आता बघा, दुसरा अल्बम कसा चुटकीसरशी छापून देतो!" म्हणत त्यानं ऐटीत प्रोग्राम उघडला.



"तुमची मोफत वापराची मुदत सोळा वर्षांपूर्वी संपली आहे."