दोराचं पोट

“आधी जुना दोर उकल, अनंता. मग नवा चढव,” गंगाबाई म्हणाल्या.

अनंतकृष्ण दचकला. माळ्यावरचं ते पोतं खाली काढायचं वहिनी स्वतःहून सांगत होत्या! तुकोजी गेला त्या दिवशी तुटका दोर पोत्यात भरून वर टाकला, तेव्हापासून त्याला कुणाचा हात लागला नव्हता. नुसतं नाव काढलं तरी वहिनी उठून आत जायच्या.

“आता काय म्हून वहिनी?”

“उद्यापासून सूर्या दोराखाली उभा राहणार. माझं एकुलतं लेकरू. पहिला दोर कशानं तुटला ते मज कळायला नको?”

तुकोजी अनंतकृष्णाचा थोरला भाऊ, गंगाबाईंचा नवरा. गोपुरांच्या डागडुजीला दगड आणि कलश वर चढवायच्या यारीचा दोघांचा धंदा. कुंभकोणमपासून तिरुप्पनंदाळपर्यंत कुठेही काम निघालं की बोलावणं यांनाच. मग एका भर दुपारी यारीचा पोलादी दोर तुटला आणि दगड थेट तुकोजीवर आला. दोराला तेल द्यायचं काम अनंतकृष्णाचं. झालं, गावाने निकाल देऊन टाकला. धाकट्याने हयगय केली, थोरला हकनाक गेला.

वहिनींनी मात्र त्याला कधी बोल लावला नाही. उलट कुंभकोणमातल्या मेलकावेरीच्या घरातून त्याला हलू दिलं नाही. रोज पान मांडून आधी त्याला वाढायच्या. “दैवाची करणी. तुझा काय दोष रे?” असं वर म्हणायच्या. आळीतल्या बायका तोंडात बोट घालायच्या, बाईचं मन आहे की काय आहे!

सोडत नव्हता तो तुकोजी. अनंतकृष्णाने घास उचलला की पाठीमागे दोर कुरकुरायचा आणि अगदी मानेजवळ भावाचा आवाज यायचा, “अनंता, तेल दिलंस का रे?” वळून पाहावं तर भिंत. दिलं होतं हो! ब्रश घेऊन, पेडापेडांत जिरवून दिलं होतं. पण रोज उठून तेच विचारलं की माणसाचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा उडतो. तेल दिल्याचं आठवतंय की आठवावंसं वाटतंय, हेच त्याला हल्ली कळेनासं झालं होतं. या धास्तीने तो निम्मा झाला होता.

आज सोक्षमोक्ष लागणार होता. दोर कोरडा निघाला, तर गाव म्हणतं ते खरं. तेलकट निघाला, तर तो सुटला.

त्याने पोतं अंगणात आणलं. शेजारीच नव्या दोराचं वेटोळं होतं. सूर्या शिकून इंजिनियर झाला आणि बापाची यारी पुन्हा उभी करायचा हट्ट धरून बसला. हा दोर त्यानेच निवडून मागवलेला. जुन्या दोराच्या मधोमध तागाचा गाभा असे. नव्यात तिथे पॉलिमर होतं, पोलादी पेडांच्या फटीफटींत घट्ट बसवलेलं.

“ह्यास तेल नको म्हणे?” वहिनींनी विचारलं.

“आतून नको. ताग दिसेल ते पितो. ह्याचं पोट काहीच पीत नाही, तेल नाही की पाणी नाही. वरच्या तारांना जस्ताचा मुलामा आहे. भारही जास्त पेलतो.”

“मग बरं. ह्याचीही शुक्रवारची पूजा करीन. त्या दोराचा एक शुक्रवार चुकवला नाही मी. तुम्ही दोघं जेवायला बसलात की घागरभर कावेरीचं पाणी घालून न्हाऊ घालायची. हळद, चंदन, काही म्हणून सोडायची नाही, अस्कं करायची.” त्या नव्या वेटोळ्यावरून हात फिरवू लागल्या. “तरी माझ्या मेलीचं कुठं उणं पडलं, कोण जाणे.”

दूध उतू जाईल म्हणून त्या आत गेल्या.

अनंतकृष्णाने तुटल्या जागेजवळ पेडांत सळई खुपसली आणि पिळाच्या उलट फिरवली. वरच्या तारांवर तेलाचा काळा थर होता, अजून बोटाला चिकटत होता. दिलं होतं! देवा, दिलं होतं! त्याला रडूच फुटलं.

मग पेड सुटे झाले आणि गाभा दिसला. ताग उरलाच नव्हता. कुजून त्याचा लगदा झाला होता आणि वाळून गंजाने तांबडा पडला होता. आतल्या तारा गंजून सुईएवढ्या उरल्या होत्या. लगद्यात चंदनाचे कण होते, हळदीची पिवळी रेघ होती. तागाने दर शुक्रवारची घागर पोटात साठवून ठेवली होती. तेल बापडं वरच राहिलं.

पाठीमागे कुरकुर नव्हती, कुणी काही विचारत नव्हतं.

आतून भांड्यांचा आवाज आला. त्या बाईने गावाच्या नाकावर टिच्चून त्याला घरात ठेवून घेतलं होतं, पोटच्या पोरासारखं वाढलं होतं. तिला सांगायचं, की तुमच्याच हाताने नवरा गेला? ती एक दिवस जगायची नाही. आणि सांगायची गरज तरी काय? नवा दोर पाणी पीत नव्हता. घालू देत त्यांना घागरी. सूर्याला धोका नव्हता.

त्याने लगदा खरवडून मातीत मिसळला आणि दोरावर फडकं टाकलं.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. “काय निघालं?”

“कोरडा ठणठणीत, वहिनी.” त्याने मान खाली घातली. “तेलाचा टिपूस नाही. चूक माझीच.”

गंगाबाई पदर खोचून अगदी शांतपणे म्हणाल्या, “हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून इतकी वर्षं तुज जेवू घातलं. आता नीघ माझ्या घरातून.”