वाटीभर विरजण

महिपती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थबकला. दह्याची मडकी चुलीवर पालथी घातलेली होती. खाली जाळ पेटला होता, आणि छबूबाई फुंकणीनं तो आणखी वाढवत होती.

"वैनी! हे काय मांडलंय?"

"मडकी भाजतीय."

"आन् विरजण?"

"धुतलं. पर नुसतं धुऊन मडक्याच्या अंगातनं जात न्हाय ते. म्हणून भाजतीय."

बाहेर बाकावर फलटणचे दत्तोबाशेठ चहा पीत बसले होते. बारामती स्टेशनासमोरचं हे सोपान भोजनालय ते आज विकत घेणार होते. बाकडी, भांडी, दारावरची निळी पाटी, सगळं. अट एकच होती. छबूबाई आणि तिचं दही दुकानाबरोबर आलं पाहिजे. तिनं पगारावर रांधायचं आणि विरजणाचा थेंबही दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही. महिपतीनं वहिनीला न विचारताच मान डोलावली होती.

दुकान मुळात तिचं आणि तिच्या नवऱ्याचं. सोपाननं इथं छप्पर उभारलं ते गुळाच्या गाड्या घेऊन बाजाराला येणाऱ्यांसाठी. भाकरी, ठेचा आणि म्हशीच्या दुधाचं दही. ते दही असं लागायचं की वाटी उलटी केली तरी पडत नसे. लोक वाटी उलटी करून पाहायचे, हसायचे आणि दुसरी मागायचे. सोपान गेला आणि गल्ल्यावर त्याचा धाकटा भाऊ महिपती बसला. त्याच्यात धमक होती, हे छबूबाईनंही कधी नाकारलं नाही. बघता बघता कळंब, निमगाव केतकी, इंदापूर, जिथं एसटी थांबेल तिथं सोपान भोजनालयाची निळी पाटी लागली. विरजण मात्र बारामतीहूनच जायचं. छबूबाई बरणीला फडकं बांधून द्यायची आणि कंडक्टर विचारायचा, "आज लेकीला कुठल्या सासरी पोचवायची, मावशी?"

मग एसटीच्या थांब्यांवर दुसरीही छपरं उभी राहिली. त्या छपरांतही वाटी उलटी केली तरी दही पडेना. कळंबचं दुकान बसलं, मग इंदापूरचं, मग निमगावचं. महिपतीनं त्याचं कारण शोधून काढलं. दिवे लागायच्या आत मागच्या दाराशी कुणी ना कुणी बाई वाटी घेऊन उभी असायची, आणि छबूबाई ती वाटी भरायची. निमगावची फुलाबाई तर कडेवर पोर घेऊन एसटीनं आली होती. महिपती तिच्यासमोरच ओरडला होता.

"धंद्याच्या मुळावर उठलाय तुमी, वैनी!"

"विरजण मागितल्यावर न्हाय म्हणायचं नसतं, भावजी. दिवं लागल्यावर आली असती तर परत धाडली असती."

कळंबच्या दुकानात दुधात पाणी पडू लागलं होतं. त्याबद्दल महिपती कधीच काही बोलला नाही.

आता दत्तोबाशेठ आत आले. त्यांनी चुलीकडं पाहिलं. एका मडक्याला तडा गेला होता.

"मग आता मी घिऊ तरी काय, महिपतराव?" ते म्हणाले. "बाकडी माझ्या घरी बी हायेत."

त्यांनी कप खाली ठेवला आणि ते निघून गेले.

महिपती तडा गेलेल्या मडक्यापाशी आला.

"माझं तर घालवलंच," तो म्हणाला, "पर सोताचं बी घालवलं! आता कशानं दही लावणार तुमी? दुसऱ्याच्या दारात वाटी घिऊन हिंडावं लागंल, वैनी!"

छबूबाईनं फुंकणी भिंतीला टेकवली.

"हिंडंन," ती म्हणाली.

तिनं आपली दोन लुगडी बांधली. मग गाठोडं पुन्हा सोडून महिपतीसमोर पसरलं. त्यात दुकानातलं काही नव्हतं. साधी वाटीसुद्धा नव्हती. त्यानं तोंड फिरवलं, तेव्हा तिनं गाठ मारली आणि ती एसटीच्या थांब्याकडं चालू लागली.

दिवाळी उलटल्यावर एकदा महिपती निमगाव केतकीला उतरला. बंद दुकानावरची पाटी तेवढी काढून न्यायची राहिली होती. समोरच्या छपरातनं छबूबाईनं त्याला लांबूनच पाहिलं. तो वाळला होता. तो आपल्या कुलपापाशी घुटमळला, मग त्या छपरातल्या गर्दीकडं त्याची नजर गेली. बाजाराचा दिवस होता. बसायला कोपराच मिळाला, तिथं तो बसला.

तिनं त्याच्यापुढं थाळी ठेवली. भाकरी, ठेचा, दही.

पहिल्याच घासाला त्याचा हात थांबला. त्यानं वाटी उचलली आणि सावकाश उलटी केली. दही हललं नाही.

"चोरी!" तो उठून उभा राहिला. "माझ्या डोळ्यांदेखत मडकी भाजली, आन् विरजण लपवून आणलं व्हय? कुठं लपवलं हुतं, वैनी? सांगा ह्या लोकांना!"

छपरातल्या माना वळल्या. भाकरी थापणारी फुलाबाई पिठाच्या हातानं उठली, पण छबूबाईनं तिला खुणेनंच बसवलं. तिनं तव्यावरची भाकरी उचलून महिपतीच्या थाळीत वाढली.

"लपवलं न्हाय, भावजी," ती म्हणाली. "तुमी म्हणला तशी ह्या फुलाबाईच्या दारात गेले, वाटी बी तिचीच घेतली, आन् विरजण मागितलं."